तिफणीच्या फणातले भोक

मराठीच्या विद्यार्थ्याला तिफण अपरिचित नाही. विठ्ठल वाघ यांच्या वऱ्हाडी कवितेने ती विदर्भाबाहेरच्या वाचकापर्यंत आणि पुढे गाण्याच्या रूपाने घरोघरी पोचवली. ‘चाड्यावर मूठ धरणे’ हा वाक्प्रचार ज्याने कधी शेत पाहिले नाही अशा मुलाच्याही पाठ्यपुस्तकात येतो. ग्रामीण कथा-कादंबरीत पेरणीची दृश्ये विपुल आहेत. मात्र या सगळ्या लेखनातली तिफण बाहेरून पाहिलेली आहे. बैल दिसतात, कासरा दिसतो, चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई दिसते, पावसाची वाट पाहणारे आभाळ दिसते. मुठीतून सुटलेले बी मातीत पोचेपर्यंत ज्या वाटेने जाते, ती वाट मात्र साहित्यात कुठे दिसत नाही. ती लाकडाच्या आत आहे, अरुंद आहे, खोल आहे आणि तिरपी आहे. ती वाट कोणी पाडली, कोणत्या हत्याराने पाडली आणि त्या हत्याराची निवड कशी झाली, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखात घेतला आहे. वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्याला काही विशेष कारणे आहेत. ती ओघात येतील.

प्रथम तिफणीची रचना पाहू. तिचा मुख्य आडवा ओंडका म्हणजे दिंड. दिंडात तीन फण ठोकलेले असतात. दोन असले तर ती दुफण, चार असले तर चौफण. वर लाकडी वाटीसारखे चाडे असते आणि त्याच्या तळाशी फणांच्या संख्येइतकी भोके असतात. चाड्याच्या प्रत्येक भोकातून एक बांबूची नळी निघते आणि ती खाली एकेका फणाच्या भोकात उतरते. फणाचे भोक त्याच्या पाठीकडून तिरपे खाली जाऊन टोकाच्या मागे उघडते. फण माती फाडत पुढे जातो आणि त्याच्या आडोशाने बी ओल्या तासात पडते. बाभळीसारखे कठीण, चिवट लाकूड अशा अवजारांसाठी वापरतात. बांबूची नळी निसर्गानेच पोकळ करून ठेवलेली असते, तिच्या पेरांतले पडदे तेवढे फोडावे लागतात. चाड्याची भोके उथळ असतात. फणाचे भोक मात्र माणसाला पाडावे लागते, आणि तेथेच कारागिराची परीक्षा होते.

या भोकावर काय अवलंबून आहे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भोकाच्या आतल्या भिंतीवर एखादी चिरफळी उभी राहिली की तिथे दाणा अडकतो, त्यामागे दुसरा अडकतो आणि नळी तुंबते. चाड्यावरची मूठ चालूच राहते. तीन तासांपैकी एक तास रिकामा जात आहे हे त्या क्षणी ध्यानात आले तर ठीक. नाही आले तर ते आठवड्याने कळते, जेव्हा दोन ओळी हिरव्या होतात आणि तिसरी काळीच राहते. मृगाचा पाऊस गेलेला असतो, बी संपलेले असते, ओल उडत चाललेली असते. मोकळ्या राहिलेल्या तासात पुढे डवरा फिरतो तो तणासाठीच. ज्वारीचा दाणा गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे तो भोकाचे दोष काही प्रमाणात सहन करतो. कपाशीचे तसे नाही. सरकीवर उरलेल्या बारीक तंतूंमुळे बिया एकमेकींना चिकटतात. म्हणून ती शेणमातीच्या काल्यात घोळून, चोळून, वाळवून मगच नळीत सोडण्याची पद्धत होती. वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा, आणि एकेकाळी हिंगणघाटचे नाव कापसाच्या एका जातीलाच मिळालेले होते. सरकीवरचा लेप आणि फणातले भोक ही एकाच अडचणीची दोन उत्तरे होती. पहिले उत्तर शेतकऱ्याच्या घरात तयार होई, दुसरे सुताराच्या पडवीत.

येथे बलुत्याचा विचार अपरिहार्य ठरतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचा जो तपशील दिला, त्याकडे आपण बहुधा समाजरचनेचे वर्णन म्हणून पाहतो. आत्र्यांची दृष्टी बलुतेदारांविषयी पुष्कळ ठिकाणी कठोर आहे, आणि या व्यवस्थेतली जातीची उतरंड दृष्टीआड करण्याचे काही कारण नाही. तरीही सुताराच्या (विदर्भात पुष्कळ ठिकाणी त्याला वाढई म्हणतात) बलुत्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याला कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. म्हणजे ज्या भोकातून ज्वारी पेरली गेली, त्याच शेतातल्या ज्वारीतून त्याचा वाटा निघे. भोक वाईट पडले तर त्याचा हिशेब कागदावर होत नसे, तो उभ्या पिकात दिसे, आणि साऱ्या गावाला दिसे. कारागिराला त्याच्या कामाच्या परिणामाशी इतके घट्ट बांधून ठेवणारी दुसरी व्यवस्था आमच्या तरी माहितीत नाही. त्या बांधणीत अन्यायही होता आणि जबाबदारीही होती. या दोन्ही बाजू एकाच वेळी ध्यानात ठेवल्या तरच हत्याराच्या निवडीचा अर्थ लागतो.

आता खुद्द भोकाकडे वळू. उथळ भोक पाडणे सोपे आहे, कोणतेही टोकदार पाते ते काम करते. भोक रुंदीच्या पाच-सहा पटींहून खोल जाऊ लागले की प्रश्न बदलतो. तेव्हा तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. पहिली, कापलेले लाकूड बाहेर कसे यायचे. भुसा आतच राहिला तर तो पात्याभोवती दाबला जातो, पाते तापते, लाकूड करपते आणि शेवटी हत्यार आतच अडकून बसते. दुसरी, भोक सरळ कसे ठेवायचे. लाकडाला रेषा असतात, कठीण आणि मऊ थर असतात, आणि पाते स्वभावतःच मऊ बाजूकडे झुकते. वरच्या तोंडाशी केसभर चुकलेली दिशा तळाशी बोटभर होते. तिसरी अडचण पलीकडच्या तोंडाशी येते. पाते बाहेर पडताना लाकडाची चिरफळी उडते, आणि तिफणीच्या बाबतीत बी नेमके तेथूनच बाहेर पडायचे असते. मानवी इतिहासात भोक पाडण्याच्या हत्याराने जी रूपे घेतली, ती बहुतांशी या तीन अडचणींची उत्तरे आहेत. त्यातही पहिलीचे, म्हणजे भुशाच्या वाटेचे, उत्तर शोधण्यातच सर्वाधिक बुद्धी खर्च झालेली आहे.

सर्वांत जुने उत्तर म्हणजे धनुकलीने फिरवायचे हत्यार, आपल्या सुताराचा सामता. एका उभ्या दांड्याला खाली पोलादी पाते, वर हाताने दाबून धरण्यासाठी मोकळी फिरणारी मूठ, आणि दांड्याला वेढा घातलेली धनुकलीची दोरी. धनुकली पुढेमागे ओढली की दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतो. इजिप्तमध्ये थीब्ज येथील रेखमिरे या अधिकाऱ्याच्या थडग्यात, ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकातील चित्रांत, असेच हत्यार घेऊन काम करणारा सुतार दाखवला आहे. विदर्भातील लोहयुगाचा पुरावा आपल्याला नागपूर जिल्ह्यातल्या माहुरझरीसारख्या स्थळांवरून मिळतो. तेथे लोखंडी हत्यारे सापडली आणि भोके पाडलेले दगडी मणीही सापडले. दगडातले भोक टिकले, लाकडातले कुजून गेले, त्यामुळे सुताराचा इतिहास मण्यांच्या इतिहासाइतका सलग सांगता येत नाही. शब्दांत मात्र त्याचे अवशेष आहेत. अमरकोशात भोक पाडण्याच्या हत्याराला ‘वेधनिका’ असा शब्द दिला आहे आणि तो येतो शूद्रवर्गात. हत्याराचे नाव कोशकाराने जपले, परंतु ते कसे चालवायचे हे लिहून ठेवण्याची गरज त्याला वाटली नाही. चालवणारे हात आणि लिहिणारे हात वेगळे होते, एवढाच त्याचा अर्थ.

सामत्याचे पाते सपाट, भाल्याच्या टोकासारखे असते. दोन्ही दिशांना फिरताना कापावे अशीच त्याची घडण असते. परंतु भुसा बाहेर आणण्याची कोणतीही सोय त्यात नसते. खोल भोकात म्हणून वारंवार थांबावे लागते, पाते वर काढावे लागते, लाकूड उलटे करून झटकावे लागते. हे कंटाळवाणे आहे. परंतु या थांबण्यातच एक फायदा दडलेला आहे. दर वेळी पाते बाहेर आल्यावर कारागीर भोकात डोकावतो, सळई घालून दिशा पाहतो आणि झुकाव आला असेल तर तो वेळीच सुधारतो. हत्यार संथ असल्यामुळे चूक लवकर सापडते.

दुसरे उत्तर चमच्यासारख्या पात्याचे. नळी उभी अर्धी चिरावी आणि तिच्या टोकाला धार द्यावी असे त्याचे रूप. कापलेले लाकूड त्या पन्हळीत साठते आणि पाते ओढून काढले की बरोबर बाहेर येते. या पात्याच्या टोकाला मळसूत्र नसते, त्यामुळे ते लाकडाच्या रेषांच्या मागे ओढले जात नाही. एकदा सरळ लागले की त्याची स्वतःची पाठच भोकाच्या भिंतीवर टेकते आणि ते दिशा धरून राहते. युरोपात खुर्च्या घडवणारे, लाकडी नळ आणि पंप पोखरणारे कारागीर शतकानुशतके याच जातीची हत्यारे वापरत. त्याने पडलेले भोक आतून बरेच गुळगुळीत असते, ही गोष्ट बियांच्या वाटेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तिसरे उत्तर पिळाचे. पात्याच्या अंगाभोवती नागमोडी पन्हळ दिली तर फिरणे आणि भुसा वर येणे या दोन क्रिया एकाच वेळी होतात. कल्पना साधी वाटते, पण एकसारखा पीळ घडवणे लोहाराच्या ऐरणीवर अवघड असते. अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये एझ्रा लॉमेद्यू याने १८०९ साली दुहेरी पिळाच्या हत्याराचे पेटंट घेतले. रसेल जेनिंग्ज याने १८५५ साली सुधारलेल्या रूपाचे घेतले. पुढे १८८५ साली ओहायोत स्थापन झालेल्या अर्विन कंपनीमुळे भरीव दांड्याभोवती एकच पीळ असलेले पाते लोकप्रिय झाले. त्यात भुशाला जागा जास्त आणि दांडा बळकट, म्हणून खोल भोकाला ते अधिक सोयीचे. दरम्यान स्टीफन मॉर्स याने १८६३ साली धातूसाठी पिळाच्या पात्याचे पेटंट मिळवले होते. आज बाजारात सर्वत्र मिळणारे साधे ड्रिल त्याच्याच वंशातले.

येथे एक गोष्ट तंत्राच्या इतिहासात फारशी अधोरेखित होत नाही, परंतु आमच्या मते ती निर्णायक आहे. पिळाचे पाते सामत्याला लावता येत नाही. धनुकली पुढेमागे फिरवते, आणि पीळ एकाच दिशेने काम करतो. उलट फेऱ्यात तो कापतही नाही आणि वर आणलेला भुसा पुन्हा खाली ढकलतो. म्हणजे पाते बदलायचे तर दांडा, मूठ, बसण्याची पद्धत आणि खांद्याची हालचाल, सारेच बदलावे लागते. युरोपात ही तयारी आधी झालेली होती. सलग एकाच दिशेने फिरवता येणारी वाकडी मूठ तेथे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिसते. फ्लेमिश चित्रकलेतील प्रसिद्ध मेरोद वेदीचित्रात जोसेफ अशीच मूठ फिरवून फळीला भोके पाडताना दाखवला आहे. आपल्याकडे ही मूठ आणि आडव्या दांडीचे टोचे हत्यार इंग्रजी अमदानीत पसरले. इंग्रजीतील गिमलेट मराठी जिभेवर ‘गिरमिट’ झाले आणि सुताराच्या पेटीत कायमचे राहिले.

‘गिरमिट’ या शब्दाला मराठी-हिंदीत आणखी एक जन्म आहे. परदेशी मळ्यांवर कराराने नेलेल्या मजुरांनी अॅग्रीमेंट या शब्दाचेही गिरमिटच केले, आणि त्या कराराने बांधलेला तो गिरमिटिया. दक्षिण आफ्रिकेत या गिरमिटियांच्या प्रश्नावर झगडलेले गांधी पुढे वर्ध्याला आले. दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांचा एकच देशी उच्चार व्हावा हा भाषेतला योगायोग आहे, त्यातून सिद्धान्त काढण्याचा मोह आम्ही टाळतो. परंतु वर्ध्यात १९३४ नंतर जो प्रश्न विचारला गेला, तो या दोन्ही अर्थांना स्पर्श करतो: बाहेरून आलेले हत्यार हातात घेताना आपण कोणता करार स्वीकारतो?

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील जागेत, मगनवाडीत, त्याचे मुख्यालय आले. जे. सी. कुमारप्पा या संघाचे सूत्रधार होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी शेगावला राहायला गेले, आणि १९४० साली त्या गावाचे सेवाग्राम झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधींच्या हस्ते झाले. या वर्षांत मगनवाडीत चरखा, चक्की, हातकागद, तेलघाणी अशा अवजारांवर प्रयोग झाले. झवेरभाई पटेल यांनी तेलघाणीत केलेल्या सुधारणांमुळे ‘वर्धा घाणी’ हे नाव देशभर गेले. घाणी हेही मुळात पोखरलेले लाकूडच. काही प्रांतांतल्या घाण्यांना तेल वाहून जाण्यासाठी बुडाशी भोक असे, काहींना ते नसे आणि तेल चिंधीने टिपून काढावे लागे.

या चळवळीविषयी एक सर्वसाधारण समज असा की ती यंत्राच्या विरोधात होती. तपशील पाहिला तर चित्र वेगळे दिसते. १९२४ साली जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात गांधींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद म्हणून गौरव केला होता. असे यंत्र बनवायला कारखाना लागेल, या प्रतिप्रश्नावर त्यांनी तो कारखाना राष्ट्राच्या मालकीचा असावा असे उत्तर दिले. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटींत आठ तासांत १६,००० फूट सूत, १५० रुपयांच्या आत किंमत, वीस वर्षांचे आयुष्य आणि दरवर्षी किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसलेला दुरुस्तीखर्च यांचा समावेश होता. हे पारितोषिक कोणालाही मिळाले नाही. आमच्या दृष्टीने त्या अटींपैकी शेवटची सर्वांत बोलकी आहे. हत्यार किती वेगाने काम करते याइतकेच ते मोडल्यावर कोण दुरुस्त करतो, हे तेथे मोजले जात होते.

या कसोटीवर सामता, चमचा-पाते आणि पिळाचे पाते लावून पाहावे. सामत्याचे पाते गावचा लोहार घडवतो, धार सुतार स्वतः लावतो, दोरी तुटली तर दुसरी वळता येते. चमचा-पात्यालाही कारखाना लागत नाही. पिळाचे पाते मात्र वेगवान असूनही गावात जन्मत नाही. त्याच्या कडांना धार लावणे नाजूक काम आहे, आणि टोकावरचे मळसूत्र एकदा बोथट झाले की ते लाकडात शिरत नाही. ते मोडले की पुन्हा बाजार गाठावा लागतो. कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीने १९३८-३९ मध्ये ६०६ गावांची पाहणी केली. आपल्या प्रांतातील कारागिराच्या स्थितीकडे एका सरकारी समितीने इतक्या विस्ताराने पाहावे, ही त्या काळातील मोठी गोष्ट होती. १९४५ साली कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात जे मांडले, त्याचा गाभाही हाच: एखादी कृती निसर्गाकडून आणि माणसाकडून जे घेते, ते ती परत देते का.

मग तिफणीच्या फणासाठी कोणते पाते निवडावे? आज हा प्रश्न कोणी विचारला तर आमचे उत्तर कोणत्याही एका बाजूला झुकणारे नसेल. वाळलेल्या बाभळीत साधे धातूचे ड्रिल दाबून चालवले तर ते तापते, तुंबते आणि रेषेबरोबर वाहवत जाते. मधोमध अणी आणि कडेला दोन दात असलेले लाकडाचे पाते तोंडाशी स्वच्छ कापते, पण खोल गेल्यावर त्याच्याही पन्हळी भरतात. भरीव दांड्याचे एकपिळी पाते भुसा चांगला काढते, परंतु त्याचे मळसूत्र तिरप्या भोकात त्याला रेषांकडे ओढते, म्हणून मळसूत्र बारीक असावे. चमच्याच्या जातीचे लांब पाते सर्वांत संथ, परंतु दिशा आणि आतली सफाई यांत वरचढ. आज सनई-क्लॅरिनेटसारखी वाद्ये घडवणारे काही कारागीर बंदुकीच्या नळीसाठी निघालेले, एकाच सरळ पन्हळीचे, आतून हवा फुंकून भुसा बाहेर काढणारे पाते वापरतात. तोही याच पहिल्या अडचणीवरचा उपाय.

पाते कोणतेही असो, काही नियम सर्वांना लागू आहेत. तिरप्या भोकासाठी आधी पटाशीने छोटी सपाट बैठक करावी, नाही तर टोक घसरते. बोटभर खोली झाली की पाते बाहेर काढून भुसा झटकावा. शक्य तेथे दोन्ही तोंडांकडून भोक पाडून मध्ये मिळवावे, म्हणजे चिरफळी उडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम वाद्य घडवणाऱ्यांचा: आधी भोक, मग आकार. चौकोनी ठोकळ्यात प्रथम भोक पाडायचे आणि नंतर त्या भोकाला मध्य मानून बाहेरचे लाकूड तासायचे. भोक थोडे वाकडे गेले तरी वस्तू त्याच्याभोवती सरळ होते. फणालाही हा न्याय लावता येतो. जे दिसत नाही ते आधी पक्के करायचे आणि जे दिसते ते त्याच्या अनुरोधाने घडवायचे, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपण साहित्याच्या वर्गात बहुधा उलट क्रमाने शिकवतो.

वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षणपरिषदेतून आणि त्यानंतरच्या झाकिर हुसेन समितीतून नई तालीमची योजना निघाली. हाताचे काम हे शिक्षणाचे माध्यम व्हावे, हा तिचा आग्रह होता. कताई-विणाई, शेती यांबरोबर लाकूडकामाचाही तीत विचार होता. या योजनेच्या यशापयशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हाला तिच्यातील एका अपेक्षेकडे लक्ष वेधायचे आहे. सुताराच्या हातातले ज्ञान बोलले जावे, लिहिले जावे आणि गणित-विज्ञान-भाषेशी जोडले जावे, अशी ती अपेक्षा होती. अमरकोशापासून चालत आलेले अंतर मिटवण्याचा तो प्रयत्न होता. तो पुरता साधला नाही. शाळेत लाकूडकाम आले ते तासिकेपुरते, आणि भाषेच्या पुस्तकात सुतार आला तो चित्रापुरता. सामत्याने फणाला भोक पाडणाऱ्या माणसाचे आपल्या कामाविषयीचे सविस्तर निवेदन मराठी गद्याच्या मुख्य प्रवाहात आले नाही.

या मौनाला एक चकित करणारा अपवाद आहे, आणि तो परक्याचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतात ओळीने पेरणारे अवजार शेतकऱ्याच्या हाती पाहिले. तोवर असे अवजार म्हणजे युरोपातला आधुनिक शोध, अशी त्याची समजूत होती. जेथ्रो टल याचे १७०१ सालचे पेरणीयंत्र इंग्लंडात प्रसिद्ध होते. येथे मात्र तेच तत्त्व फार पूर्वीपासून रूढ असल्याचे त्याला दिसले आणि त्याने ते इंग्लंडच्या शेतीमंडळाला कळवले. इंग्रजीत भोक पाडणारे ते ड्रिल आणि ओळीने पेरणारे तेही ड्रिल. आपल्या तिफणीत हे दोन्ही अर्थ एका फणात एकत्र आले आहेत. हॅलकॉटचे हे लेखन धरमपाल यांनी शोधून काढून १९७१ साली ‘इंडियन सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन द एटीन्थ सेंच्युरी’ या ग्रंथात पुन्हा प्रसिद्ध केले. धरमपाल पुढे सेवाग्रामला राहिले आणि २४ ऑक्टोबर २००६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या जिल्ह्यात तिफण पिढ्यान् पिढ्या चालली, त्या जिल्ह्यात बसलेल्या अभ्यासकाला तिच्या थोरवीचा लेखी पुरावा इंग्लंडच्या दप्तरांतून आणावा लागला. यात धरमपालांचे श्रेय मोठे आहे. आपल्या भाषेच्या दप्तरातील रिकामी जागाही तेवढीच मोठी आहे.

त्या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हॅलकॉटने शेतात चालणारे अवजार पाहिले, त्याच्या ओळी आणि त्याची बचत पाहिली. फणातले भोक कसे पडते, हे त्याच्या कुतूहलाचा मध्यवर्ती विषय नव्हते. म्हणजे आपला कवी आणि तो अधिकारी, दोघेही तिफणीच्या बाहेरच उभे होते.

आज तिफणीचा वापर आक्रसला आहे. १९७० साली संकरित कपाशी आली, तिचे बी महाग असल्याने ते टोकून लावण्याची पद्धत रूढ झाली. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर ती आणखी पक्की झाली, आणि सरकीसाठी नळी उरली नाही. सोयाबीन ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरले जाते. त्यात पत्र्याच्या पेट्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्या असतात. त्या नळ्याही तुंबतात आणि तासही रिकामे राहतात, पण त्याचा जाब विचारण्यासाठी गावात वाढई नसतो. आम्ही याचा शोक करू इच्छित नाही. बलुत्याची बांधणी सुटली त्यात अनेकांची सुटका होती, हे विसरून चालणार नाही. प्रश्न ज्ञानाचा आहे.

मराठी विभागांत लोकवाङ्मय शिकवले जाते. ओव्या, लोकगीते, म्हणी यांचे संकलन विद्यार्थी करतात. या संकलनात कारागिराच्या हत्यारांची नावे, त्यांच्या भागांची नावे आणि त्यांच्या क्रियांची क्रियापदे यांना जागा मिळावी, असे आम्हास वाटते. मोल्सवर्थने १८३१ साली आणि सुधारलेल्या आवृत्तीत १८५७ साली अशा असंख्य शब्दांना कोशात स्थान दिले होते. त्यांतले कोणते शब्द आजही वर्धा, आर्वी, हिंगणघाट, देवळी, सेलू या भागांत चालतात, कोणते बदलले, सामत्याच्या प्रत्येक भागाला कोणते नाव आहे, भोक झुकले तर ते कसे सुधारतात, भुसा अडकला तर काय म्हणतात, हे विचारायला अजूनही काही वृद्ध कारागीर हयात आहेत. हे काम कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका उन्हाळ्यात सुरू करता येईल. त्यासाठी ग्रंथालयाच्या आधी सुताराच्या पडवीत जावे लागेल, आणि तेथे तो सांगेल त्या क्रमाने लिहून घ्यावे लागेल.